पाठीकडची बाजू

ऋजुतानं कौन्सिल टॅक्सच्या पाकिटामागे एक वर्तुळ काढलं,
अर्धं पेन्सिलीनं काळं केलं, अर्धं तसंच ठेवलं.
म्हणाली, बाबा, हा माझा ग्रह.
म्हणजे दिसत नाही तो. लांबच्या दिव्यासमोरून
चिलट जावं तेवढा उजेड कमी होतो,
तेवढ्यावरच माझी तीन वर्षं गेली.

रॉदरहॅमला बाहेर घोट्याच्या वर बर्फ,
बॉयलर सकाळपासून रुसलेला,
मी दोन स्वेटर आणि तिच्या आईची शाल पांघरून बसलेलो,
आणि ही सांगतेय, चोवीसशे अंश.

चोवीसशे!
आमचं पोलाद सोळाशेला ओतायचो आम्ही.
वरचे आठशे मी मनानं चढून पाहिले,
मध्येच दम लागला.

विचारलं तिनं, लोखंड तापताना कसं दिसतं?
पुस्तकातलं नको.
पुस्तकातलं मला कुठे येतं.
आधी वाळल्या आमसुलासारखं, तेही अंधारात पाहिलं तर.
मग शेंदूर. मग हळद, ओली.
मग तांदळाची पेज, आणि त्याच्यापुढे
रंग नसतोच, पापणी आपली आपण मिटते.
शिरोलीच्या फाउंड्रीत हे मला एका म्हाताऱ्यानं शिकवलं,
इथे केनेथ ओल्डरॉईडनं पुन्हा एकदा, शिव्यांसकट.

तिच्या ग्रहावर लोखंडाची वाफ होते.
उजेडाच्या बाजूला उठते,
वारा तिला ढकलत काळोखाच्या बाजूला नेतो,
तिथे ती निवते आणि बरसते. थेंब थेंब. लोखंड.
मी म्हटलं, लोखंडाचे चणे म्हण की.
हसली. आईसारखं, नाकातल्या नाकात.

तिथलं वर्ष एकेचाळीस तासांचं.
म्हणजे मी साडेचौदा हजार वर्षांचा,
माझ्या गुडघ्यांना विचार, तेही हेच सांगतील.
पण दिवस?
दिवस उगवत नाही, बाबा, नि मावळतही नाही.
ताऱ्याकडे एकच तोंड करून तो फिरत राहतो.
एका अंगाला कायमची दुपार,
दुसऱ्या अंगाला कायमची रात्र.

पुढे ती वाऱ्याच्या वेगाचं काहीतरी बोलत होती.
मी पाकिटावरच्या त्या रेघेवर अडकलो
जिथे पेन्सिल थांबली होती.

जानेवारीत आमच्या शेडची मागची दारं उघडीच असायची,
ट्रकांसाठी.
छातीवर भट्टी, पाठीवर यॉर्कशर.
शर्ट पुढून भाजून कडक, मागून गारठून कडक.
धुवायला घेताना बायको म्हणायची,
दोन माणसांचे शर्ट मधोमध शिवलेत कुणी तरी.
एकवीस वर्षं मी असा उभा होतो,
एकच तोंड, एकाच दिशेला.
पाठ फिरवली असं कुणी म्हणू नये.
फिरवावी लागलीच नाही. ती होतीच तिकडे,
पहिल्यापासून,
घराच्या बाजूला.

आणि भट्टीपाशी जे उकळायचं,
फोरमनचा शब्द, गेलेलं बोट,
बुडालेला ओव्हरटाइम,
ते तिथे कुणाला दिसायचं नाही.
वाफ होऊन माझ्याबरोबर बसनं घरी यायचं
आणि रात्री पडायचं,
आमटीत मीठ कमी म्हणून,
सातवीतल्या एका पोरीच्या चुकलेल्या गणितावर.

हे मी बोललो नाही.
विचारलं एवढंच,
त्या काळ्या बाजूला कुणी राहत असेल का गं?

नाही हो. उभं राहायला जमीनच नाही तिथे.

उठली. किटलीचं पाणी ओतून भांडी विसळली,
आणि परत जाताना मागून, शालीखालून,
माझ्या पाठीवर तळवा टेकवला.
सांगा, किती?

मी डोळे मिटले. जुनी सवय,
आकडा चुकवायचा नाही.
छत्तीस, म्हटलं.
त्यातला दीड किटलीचा, तो धरू नकोस.